बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

आमच्या नगरच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या उपासनेत अधूनमधून कुणीतरी साक्ष द्यायला उभं राहतं. साक्षीचा साचा ठरलेला असतो. मी पूर्वी दारू प्यायचो, मटका लावायचो, घरात हात उगारायचो. अमक्या साली, अमक्या सभेत प्रभूनं हाक मारली आणि त्या दिवसापासून जीवन बदललं. मागून दोन-चार जण ‘हालेलूया’ म्हणतात, पेटीवाला पुढच्या गीताचा सूर धरतो. माणूस खोटं बोलत नसतो. त्याची बायको बायकांच्या बाजूच्या बाकावर बसलेली असते आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं की दारू खरोखर सुटलीय हे कळतं. तरी मला दर वेळी वाटतं, एवढं सगळं एका दिवसात कसं काय आटपतं?

जन्मानंच ख्रिस्ती असलेल्यांची तर आणखी पंचाईत. आमचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला. शब्बाथ शाळेत वचनं पाठ केली, नाताळच्या नाटकात मेंढपाळ झालो, वेळेवर दृढीकरण, म्हणजे मोठेपणी विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी, झालं. बदलायला आधी काहीतरी बिघडलेलं असावं लागतं, आणि आमची बिघडण्याची मजल उपासना बुडवून मॅटिनीला जाण्यापलीकडे गेली नव्हती. साक्ष देणार ती कसली?

म्हणून पंडिता रमाबाईंची साक्ष पहिल्यांदा वाचली तेव्हा मला हायसं वाटलं. त्यांनी ती 1907 साली लिहिली. पन्नाशी जवळ आलेली, पुणे-दौंड वाटेवरच्या केडगावला निराधार बायका-मुलींसाठी मुक्ती मिशन उभं राहिलेलं, जगभरातून लोक बघायला येत होते. अशा वेळी बाई निःसंकोच सांगतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा मला धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी आठ वर्षं लागली. ही आठ वर्षं त्यांनी कुठंही झाकलेली नाहीत. त्यांच्याबद्दल भाषणं ठोकणारे आपण लोक मात्र 1883 च्या बाप्तिस्म्यावरून जी उडी मारतो ती थेट केडगावच्या विहिरींवर.

रमाबाई सोडून काय आल्या होत्या, ते आधी बघायला हवं. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करला, आणि आईनं ती विद्या मुलीला दिली. भागवताचे हजारो श्लोक लहानपणीच मुखोद्गत. सगळं कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणं सांगत हिंडायचं. 1870 नंतरच्या दक्षिणेतल्या दुष्काळात आई-वडील गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास पायी हिंदुस्थान पालथा घालत 1878 मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तिथल्या विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. बाईला असा मान मिळणं तेव्हा ऐकिवातही नव्हतं. पुढे भाऊ गेला. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी त्यांनी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं आणि सिल्चरला संसार मांडला. त्या घरात एकदा बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान त्यांच्या हाती लागलं. त्यांना ते आवडलं, नवऱ्याला आवडलं नाही. 1882 मध्ये नवराही गेला आणि मांडीवर मनोरमा उरली.

पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली, 1883 मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या. ऐकू कमी यायचं म्हणून वैद्यकीचा बेत फसला. वाँटेज गावात अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांचा मुक्काम होता. त्या जोगिणींचं एक घर लंडनमध्ये फुलहॅमला होतं. समाजानं ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायकांना तिथं आसरा मिळायचा. रमाबाई तिथं राहून आल्या. ज्यांचं नाव घेतलं तरी तोंड विटाळतं असं आपल्याकडे समजायचे, त्या बायकांची मायेनं उठबस करणाऱ्या बायका त्यांनी पाहिल्या. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल त्यांना बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली गोष्ट वाचून दाखवली गेली. भर दुपारी विहिरीवर आलेली, यहुदी ज्यांच्यापासून दूर राहत अशा शोमरोनी लोकांतली बाई, पाच नवरे झालेली, आणि तिच्याकडे पाणी मागून तिच्याशी देवाच्या गोष्टी बोलत बसलेला येशू.

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेल! आमच्याकडे पाळकसाहेब ती ‘जिवंत पाणी’ या विषयावर घेतात आणि पाच नवऱ्यांवरून भरभर पुढे सरकतात. रमाबाईंना ती ऐकवली गेली तेव्हा मागं फुलहॅमचं ते घर उभं होतं. आधी काम दिसलं, मग वचन कळलं. 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

आणि पुढे काय झालं? माणूस तोच राहिला. निदान वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांचं तरी तसंच मत होतं. या रमाबाईंच्या धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांची जबाबदारी घेणाऱ्या, आणि दोघींची पत्रं वाचताना मला कधी हसू येतं, कधी दोघींची दया येते. रमाबाई मांस खाणार नाहीत, अंडं घातलेला पुडिंगचा पदार्थ पुढ्यात आला तरी नाही म्हणणार. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा ताठा दिसायचा. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाई प्रश्न काढायच्या, चमत्कारांवर वाद घालायच्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का यावर बिशपांनी नापसंती दाखवली, तेव्हा रमाबाई चिडल्या. हिंदुस्थानातल्या पुरोहितांचं जोखड मी मोठ्या कष्टानं मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं जोखड घ्यायची माझी तयारी नाही, अशा अर्थाचं त्यांनी बाईंना सुनावलं. क्रूसावर लॅटिनमध्ये अक्षरं कशाला, संस्कृतात का नकोत, हाही त्यांचाच प्रश्न.

मला या पत्रांतल्या रमाबाई फार आवडतात. आमच्यातल्या भाविक मंडळींना त्या जरा अडचणीच्या वाटतात. नवा विश्वासी म्हणजे कसा, मान खाली घालून ‘आमेन’ म्हणणारा हवा! या बाईनं देव स्वीकारला, पण त्याच्या देखरेखवाल्यांशी भांडण चालू ठेवलं. पण त्यांनी स्वतःच पुढे लिहिलंय तेही डावलून चालणार नाही. तेव्हाचा त्यांचा विश्वास बुद्धीला पटलेला होता. जिवाला आधार वाटावा असा तो झालेला नव्हता. वाद जिंकता येत होता, शांत झोप लागत नव्हती म्हणा ना.

1886 मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. तिथं बोलून, लिहून बालविधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढल्याच वर्षी ते पुण्याला आलं. सल्लागार मंडळात रानडे, भांडारकर. अट अशी की धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील. या काळातल्या रमाबाई म्हणजे यशस्वी समाजसुधारक. आजच्या भाषेत त्यांचा बायोडेटा कुठंच कमी पडत नव्हता. आणि नेमक्या याच काळात, 1891 च्या सुमारास, त्यांना आतून रिकामं वाटत होतं.

त्या वेळी हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आलं. या हॅस्लमची गंमत अशी की तो कित्येक वर्षं व्यासपीठावरून लोकांना तारणाची वाट दाखवत होता आणि एके रविवारी स्वतःचाच उपदेश देता देता त्याला उमगलं की आपणच अजून त्या वाटेला लागलेलो नाही. श्रोत्यांतला एकजण ओरडला, अहो, पाद्र्याचंच मन पालटलं! रमाबाईंना त्यात स्वतःचा चेहरा दिसला असणार. बाप्तिस्मा, चर्च, कष्ट, विद्या यांच्या बळावर आपण देवापुढे उभं राहू पाहतोय आणि ते होण्यासारखं नाही, हे त्यांनी कबूल केलं. फुलहॅमच्या बायकांना जे फुकट मिळालं, तेच आपल्यालाही फुकट घ्यावं लागणार, विद्वत्तेबद्दल सूट नाही. इतक्या मानी बाईला हे मानायला किती जड गेलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते.

या प्रसंगात बाहेरून दिसण्यासारखं काहीच घडलं नाही. नाव बदललं नाही, पत्ता बदलला नाही. पण पुढच्या सात-आठ वर्षांत त्यांच्या आयुष्यातला अग्रक्रम एकेक पायरीनं उलटा होत गेला. पहिला फटका नावलौकिकाला. सदनात त्या सकाळी स्वतःच्या खोलीत प्रार्थना करायच्या, दार उघडं असायचं, मुली येऊन बसायच्या. येऊ नका असं म्हणणं त्यांना जमेना. पुण्यात गहजब झाला, ‘केसरी’नं कोरडे ओढले, 1893 मध्ये रानडे-भांडारकरांनी सल्लागार मंडळ सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. तटस्थतेचा शब्द दिला होता, त्यामुळे चिडणाऱ्यांचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी सदनातल्या गोदूबाईंशी धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला आणि पुण्यानं आणखी एकदा कपाळाला आठ्या घातल्या.

मग 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात लोक अन्नान्न करत होते आणि अनाथ मुलींना कुणीही पळवत होतं. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. दुष्काळात आई-बाप गेलेल्या बाईला तिथं काय दिसलं असेल ते सांगायला नको. सुमारे 300 मुली-बायका त्यांनी आणल्या. तोवर सदनातल्या मुली बहुतेक वरच्या जातींतल्या होत्या. आता आलेल्यांत सगळ्या जाती, सगळे रोग, अंगावर चिंध्या. पुण्यात इतक्या जणींना ठेवणं अशक्य, म्हणून दौंडच्या वाटेवर केडगावला घेतलेल्या माळावर मुक्काम हलला. विहिरी खणल्या, शेती केली, गाई आणल्या, हातमाग बसवले. 1900 च्या दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या घरात गेली. अंध बायकांसाठी वेगळं सदन झालं, मनोरमेनं ब्रेल लिपी शिकवण्याची सोय केली. आणि एक घर झालं ‘कृपा सदन’. फसवल्या गेलेल्या, घरादारानं टाकलेल्या बायकांसाठी. फुलहॅमला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणारं घर त्यांनी भीमेच्या खोऱ्यातल्या त्या माळावर बांधलं.

तिथल्या 1905 च्या जागृतीबद्दल, म्हणजे मुली रात्र रात्र रडत, ओरडत प्रार्थना करत त्याबद्दल, आमच्याकडे फार भक्तीनं बोललं जातं. मला त्या गदारोळापेक्षा दोन हजार जणींच्या रोजच्या भाकरी कोण थापत असेल आणि सरपण कुठून येत असेल, हे अधिक मोठं आश्चर्य वाटतं. ज्याची त्याची आवड.

पण या सगळ्यापेक्षा मी ज्या कामापाशी थबकते ते म्हणजे बायबलचं भाषांतर. शेवटची पंधराहून अधिक वर्षं त्यांनी त्याला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मूळ भाषांतून अख्खं बायबल मराठीत आणलं. मराठी बायबल तेव्हा होतं, पण त्याची भाषा पंडिती. खेड्यातली जेमतेम अक्षरओळख झालेली बाई ते वाचायला बसली तर पहिल्याच पानावर अडायची. रमाबाईंना त्या बाईसाठी लिहायचं होतं. टाइप जुळवणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या, पानं दुमडणाऱ्या, बांधणी करणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच बायका. त्यांतल्या कितीतरी जणी दुष्काळातून उचलून आणलेल्या. ‘सरस्वती’ पदवी मिळवलेली बाई इथं बसून संस्कृत शब्द वेचून बाजूला काढत होती! जन्मभराची कमाई ती, त्यांच्या मानाची जागा. ती कुणी हिरावून घेतली नाही. त्यांनी आपणहून ती कामाला जुंपली, ज्यांना त्यातलं ओ की ठो कळणार नाही अशांच्या कामाला. 1921 मध्ये मनोरमा गेली. काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या, भाषांतर हातावेगळं करून.

विश्वासानं माणूस बदलतो म्हणजे काय होतं, याबद्दल माझं जे काही मत बनलंय ते इथून आलंय. विश्वास पहिला हात घालतो तो आपल्या अभिमानाच्या जागेला. व्यसनं वगैरे त्या मानानं वरवरची. आणि प्रत्येकाची जागा वेगळी असते, म्हणूनच एकाची साक्ष दुसऱ्याला अंगरख्यासारखी चढवता येत नाही.

ना. वा. टिळकांचंच बघा. ‘क्षणोक्षणी पडे’ शाळेत पाठ केलेल्यांना त्यांचं नाव सांगायला नको. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं, स्वयंपाक, पाणी वेगळं. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही, एवढं श्रेय त्यांना द्यायला हवं, कारण एरवी घरातल्या पैशाअडक्याच्या बाबतीत त्यांनी बायकोला फारसं विचारल्याचं दिसत नाही. खिशातलं कुणालाही देऊन मोकळे, आणि संध्याकाळी चूल पेटवायची लक्ष्मीबाईंनी. लक्ष्मीबाईंची जागा होती सोवळ्याची. ती कुणाच्या उपदेशानं सुटली नाही. विचार करता करता एके दिवशी त्यांच्या मनानं घेतलं की जाती माणसानं केल्या, देवानं नव्हे. झालं, सोवळं गळून पडलं. नवऱ्याच्या धर्मात त्या गेल्या त्या स्वतःच्या पायांनी, 1900 मध्ये, राहुरीला. पुढे त्यांच्या पंक्तीला कोण बसलं नाही? दुष्काळातली अनाथ पोरं, बालकवींसारखा भावनेनं भरलेला तरुण, वाटेवरचा कुणीही.

टिळकांची मानाची जागा सुटायला मात्र शेवट उजाडला. मिशनचा पगार, मिशनची शिस्त आणि स्वतःचा मानी स्वभाव यांची ओढाताण वर्षानुवर्षं चालली होती. 1917 मध्ये त्यांनी पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. येशूवर प्रेम करणाऱ्या कुणालाही तिथं यायला वाव होता, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांपाशी आलो असं ते म्हणत, आणि त्यांची अभंग-भजनं आम्ही आजही मंडळीत टाळ-तबल्यावर म्हणतो. दरबार जेमतेम रांगायला लागला आणि 1919 मध्ये ते गेले.

मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगितल्या की ऐकणारा सुटतो. ती रमाबाई होती बाई, आपण कुठं! म्हणून घरातलं सांगते. माझे बाबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांची अभिमानाची जागा एकच, की आपण कुणाचं काही लागत नाही. आमच्या घरी आहेराची वही होती, लाल कापडी बांधणीची, खतावणीसारखी आखलेली. कुणाच्या लग्नात काय दिलं, कुणी काय दिलं, साडी असेल तर सुती की नायलॉन, डबा असेल तर झाकणासकट का. कुणाचं लग्न निघालं की बाबा वही काढायचे आणि तेवढंच परत जायचं, वर अकरा रुपये, म्हणजे आपली बाजू वरचढ. एका नातेवाइकानं आमच्या मोठीच्या लग्नात पाकीट दिलं नव्हतं, त्या रकान्यात बाबांनी तांबड्या शाईनं आडवी रेघ मारलेली मी पाहिली आहे.

बाबांनी कधी साक्ष दिली नाही. त्यांच्या बाबतीत अमकी तारीख, अमकी सभा असं काही सांगता येणार नाही. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून ते पाळकसाहेबांबरोबर आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला जायला लागले. पाळकसाहेबांकडे स्कूटर होती आणि मागं बसायला कुणीतरी हवं होतं, इतकं साधं कारण. आधी नुसते बसून यायचे. मग वचन वाचायला लागले. मग एकटेच जायला लागले, ज्यांच्याकडे पाळकसाहेबांचं जाणं होत नसे अशांकडे. घरात जक्कयाची, येशूला भेटून बदललेल्या त्या श्रीमंत जकातदाराची, गोष्ट वाचली जायची तेव्हा अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्यांना चौपट, हा हिशेब ते मोठ्यानं करून बघायचे. चौपट फार होतात, असंही एकदा म्हणाले.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माळ्यावरचं आवरताना ती लाल वही माझ्या हाती आली. पुढची पानं माझ्या ओळखीची. मधे काही पानं कोरी, आणि मग पुन्हा तेच ठळक, कारकुनी वळणाचं अक्षर. नावं पुष्कळशी तीच. रक्कम लिहायच्या रकान्यात मात्र वेगळंच काही. एकापुढे ‘गुडघे’. एकापुढे ‘मुलगी सासरहून परत’. एकापुढे ‘डायलिसिस, मंगळ-शुक्र’. काही नावांपुढे नुसतं ‘झोप नाही’. तांबड्या रेघेचे ते नातेवाईकही होते, त्यांच्यापुढे लिहिलं होतं ‘एकटे’. शेवटच्या रकान्यात बारीक खुणा, बहुतेक प्रार्थना केल्याच्या. बाबांना नोंदी ठेवल्याशिवाय राहवत नाही, देवाकडे मागायचं तरी ते रकाने आखूनच. मी वही आईला दाखवली. तिला ठाऊक होतं सगळं, पहाटे साडेचारला दिवा लागतो म्हणून तिचीच झोपमोड होते.

‘बाबा किती बदलले गं,’ मी म्हणाले.

आई मेथी निवडत होती. खाली गल्लीत बाबांचा आवाज चढला होता. भाजीवाल्याशी जुडीमागच्या दोन रुपयांवरून त्यांचं जुंपलं होतं, आणि तो गरीब माणूस देवाशपथ घेऊन खरेदीचा भाव सांगत होता.

‘आहेर प्रभूनं घेतला गं,’ आई म्हणाली, ‘कोथिंबीर अजून ह्यांच्याकडेच आहे.’